वर सरकणारे ठिपके

वजनाखाली वाकलेलं काँक्रीट, वजन जागच्या जागी असताना, आपणहून वर येत नाही. एवढं प्रिस्काला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक होतं. तरीही लॅपटॉपवर पुलाचे ठिपके वर सरकत होते, आणि तिचं डोकं सकाळपासून तिसऱ्यांदा फिरलं.

पूल तो केवढा! वटार गावाकडच्या नाल्यावर टाकलेला सात मीटरचा स्लॅब. खालच्या सळ्या गंजून उघड्या पडल्या होत्या, म्हणून पालिकेने तपासणी सांगितली होती. प्रिस्काच्या लॅबची रीत अशी, की स्लॅबच्या कडेला पांढरा रंग देऊन त्यावर काळे ठिपके उडवायचे आणि काठावरून सलग व्हिडिओ घ्यायचा. पुलावर वजन आलं की ठिपके किती खाली गेले, हे लॅपटॉप मिलिमीटरच्या अंशापर्यंत सांगतो. वजन म्हणून दहा हजार लिटरचा भरलेला टँकर दोन तास मधोमध उभा करायचा होता.

पाच वाजेपर्यंत अहवाल द्यायचा होता. पूल नापास झाला तर त्याच संध्याकाळी गाड्यांना बंद. पलीकडच्या अठरा घरांच्या विहिरी खाऱ्या झालेल्या, प्यायचं पाणी याच पुलावरून टँकरने यायचं. त्यातलं एक घर प्रिस्काच्या सख्ख्या मावशीचं. लॅबमध्ये दुसरं कोणी मोकळं नव्हतं, नाहीतर तिने हे काम गळ्यात घेतलंच नसतं.

सकाळी लोकांनी आधी स्कूटर पुढे दामटल्या. मग एक आजोबा थांबून म्हणाले, ‘‘रंग लावलाच, तर नीट तरी लावायचा.’’ प्रिस्का दात-ओठ खात हसली. अखेर टँकर उभा राहिला, ठिपके ४.२ मिलिमीटर खाली गेले, आणि ड्रायव्हर आत्माराम खाली उतरून चहाला गेला. उन्हाने स्क्रीन दिसेना, म्हणून ती डोक्यावरून चादर ओढून बसली.

पाऊण तासात आकडा ३.९ झाला, मग ३.५, मग ३.१. ट्रायपॉड चिखलात रुतला असेल म्हणावं, तर व्हिडिओत काठावरच्या दगडावरची खूण केसभरही हलली नव्हती. तिने लेन्स पुसली, केबल काढून घातली, लॅपटॉपला चार शिव्या हासडल्या. २.७. शेवटी चादर भिरकावून ती तरातरा पुलावर चढली.

टँकरच्या मागच्या नळाला निळा पाइप जोडलेला होता. पाइप पलीकडे उतरून थेट ग्लोरिया मावशीच्या अंगणात गेला होता, आणि तिथे बायका पिंपं लावून उभ्या होत्या.

‘‘मावशी, हे काय चाललंय?’’

‘‘पानी भरतो ना आम्ही. एवढं गोडं पानी नुसतं उभं ठेवायचं आणि परत न्यायचं? आज गुरुवार. आमचा टँकर मंगळवारी.’’

‘‘अगं, ते पाणी नाही, वजन आहे!’’

‘‘मग वजन आमच्या पिंपांत पन तेवढंच आहे, बाय. इकडं येऊन मोज.’’

बायका खो खो हसल्या. आत्माराम कप खाली ठेवत म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्ही गाडी हलवू नको म्हणालात. मी हलवली नाही.’’

प्रिस्काला रडू फुटायच्या बेतात होतं. एवढ्या दिवसांची तयारी पाण्यात गेली होती, आणि रागवायचं तरी कोणावर?

‘‘बिघडलं ना तुझं काम?’’ मावशीचा आवाज मऊ झाला. ‘‘मग बिघडलं म्हणूनच लिही. पुढच्या महिन्यात ये. हात पन लावनार नाही कोनी.’’

खरं तर तेच बरं झालं असतं. चाचणी बाद, पूल चालू, मंगळवारी टँकर. मनातून ती सुखावलीसुद्धा. तिने रिकामा होत आलेला टँकर मागे काढायला लावला आणि कॅमेरा बंद करायला खाली आली.

आकडा शून्यापाशी यायला हवा होता. तो १.९ वर थांबला होता.

ती तासभर बसून राहिली. १.८. वजन उतरल्यावर स्लॅबने निदान तीन चतुर्थांश तरी सावरायला हवं, हा जेमतेम निम्म्याहून थोडा वर आला होता. तोही दोन तास पुरते न सोसता, अर्ध्यामुर्ध्या, उतरत्या वजनाखाली. पुरता भार राहिला असता तर काय झालं असतं, हे सांगायला कॅमेऱ्याची गरज नव्हती. याच स्लॅबवरून दर मंगळवारी भरलेला टँकर जात होता.

साडेचारला ती मावशीच्या अंगणात गेली.

‘‘लिहिलंस, बिघडलं म्हणून?’’

‘‘नाही. पूल बंद करायला लिहिलंय.’’ तिला मावशीकडे बघवेना. ‘‘मंगळवारी टँकर येणार नाही, मावशी.’’

‘‘मग कधी येल?’’

‘‘नवीन पूल होईपर्यंत नाही.’’

मावशीने भरलेली पिंपं एकेक करून पाहिली. शेजारची ॲंजेला, आज पाणी आहे म्हणून, दाराच्या पायऱ्या धूत होती.

‘‘ॲंजेला!’’ मावशी जिवाच्या आकांताने ओरडली. ‘‘ठेव तो तांब्या खाली!’’