घरच्या घरी काळे, घरच्या घरी पांढरे

आमच्या घरात पार्लरची पायरी कुणी चढलेलं नाही, आणि याचा मला अभिमान आहे. लेकीचे केस मी कापते, नवऱ्याचे मी कापते, शेजारच्या नर्सकाकूंच्या भुवया मी दोऱ्याने कोरते. माझा स्वतःचा अंबाडा तर आरशात न बघता, दूध उतू जायच्या आत घालून होतो. दही, मध, कॉफीची पूड, बटाट्याचा कीस, यातलं तोंडाला काय लावायचं आणि तोंडात काय घालायचं हे मला कुणी शिकवायला नको. लेक म्हणते, "आई, तू व्हिडिओ काढ, लोक बघतील." मी म्हणते, मला कामं आहेत. लोकांचे कपडे दुरुस्त करून देते मी. पँटची उंची, फ्रॉकची चेन, सुटलेली शिवण. घरात बसून असले तरी रिकामी बसत नाही.

पण म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. ते मी करून दाखवलं.

आमचे हे छापखान्यात होते. पुस्तकं बांधायचे, कागद कापायच्या मशीनवर उभे राहायचे. छापखाना बंद पडला आणि पंचावन्नाव्या वर्षी माणूस घरी बसला. सुरुवातीला खूप अर्ज केले. मग अर्ज कमी झाले, आणि हळूहळू बोलणंही. आधी रोज संध्याकाळी घरी आले की छापखान्यातलं काही ना काही सांगायचे. कुणी कुणाच्या डब्यावर डल्ला मारला, कुठल्या पुस्तकात उलटी पानं बांधली गेली. आता "जेवण झालं का" आणि "पेपर कुठे आहे" यापुढे गाडी जाईना. नोकरी नसल्याची मला तेवढी धास्ती नव्हती, दोन पोळ्या कमी खाल्ल्या असत्या. पण हा माणूस असाच मुका होऊन गॅलरीत बसून राहील, याची फार भीती वाटायची.

म्हणून फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या त्या मोठ्या दुकानातून मुलाखतीचा फोन आला, तेव्हा मी कंबर कसली. अर्ज लेकीने फोनवरून भरला होता, त्यातलाच एक फोटो जोडून. मुलाखत शुक्रवारी. मी ह्यांना उजेडात उभं करून नीट पाहिलं. डोकं पांढरं, मिशी पांढरी, भुवयासुद्धा पांढऱ्या.

"केस काळे करायला हवेत," मी म्हटलं.

"असू दे की पांढरे. मुलाखत माझी आहे, केसांची नाही."

"तुम्ही गप्प बसा. जग कुठे चाललंय तुम्हाला कळत नाही. म्हाताऱ्याला कोण देतंय काम?"

म्हातारा हा शब्द मी उच्चारायला नको होता. हे स्टुलावर जाऊन बसले.

गुरुवारी दुपारी मी जुना टॉवेल ह्यांच्या खांद्यावर टाकला आणि वाटीत रंग कालवला. पाकिटावर लिहिलं होतं 'नैसर्गिक काळा', अर्धा तास ठेवा. ह्यांचे केस हट्टी, मालकासारखेच, म्हणून मी जरा जास्तच ठेवायचं ठरवलं. तेवढ्यात एक बाई चेन बदलायला आली. ती गेल्यावर बघते तर वाटीत रंग उरलेला. टाकून द्यायला माझा जीव होत नाही. तो मिशीला लावला. तरीही उरला, मग भुवयांना.

डोकं धुतलं आणि मी दोन पावलं मागे सरले. असला काळा रंग मी फक्त तव्याच्या बुडाला पाहिला होता. वर कपाळावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत काळा पट्टा. टूथपेस्ट झाली, तेल झालं, लिंबू झालं. नर्सकाकू स्पिरिटचा बोळा घेऊन धावत आल्या, त्याने कपाळ लाल झालं आणि पट्टा आणखी उठून दिसू लागला. शेवटी लेकीने आपलं डाग झाकायचं कन्सीलर काढलं आणि त्या पट्ट्यावर थापलं. पोरगी माझ्यावर गेलीय, गोरी. ह्यांच्या सावळ्या चेहऱ्यावर मधोमध पोरीच्या रंगाचं कपाळ आलं.

"बाबा, तुम्ही तुमच्या धाकट्या भावासारखे दिसताय," लेक म्हणाली.

"मला धाकटा भाऊ नाही."

"असता तर आम्ही त्याला घरात घेतलं नसतं."

मी तिला दटावलं आणि ह्यांना म्हटलं, दहा वर्षांनी तरुण दिसताय. मनातून मला ते कुणीतरी परकेच वाटत होते. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

शुक्रवारी हे मुलाखतीहून परत आले तेव्हा मी दारातच होते. बूट काढले, पाणी प्यायले, खुर्चीत बसले.

"काय झालं?"

"त्यांना पांढऱ्या केसांचा माणूस हवा होता."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण चेष्टा नव्हती. तिथल्या मॅनेजरबाईंनी म्हणे आधी फोटोकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, मग परत फोटोकडे. विचारलं, हा अर्ज तुमच्या वडील बंधूंचा आहे का? मग सांगितलं की काम तक्रारींच्या काउंटरवरचं आहे. तिथे कुठलंच पोरगं टिकत नाही. लोक बिघडलेली मशिनं घेऊन तावातावाने येतात, समोर कोवळं पोर दिसलं की आणखी चढतात. पांढऱ्या डोक्याचा माणूस दिसला की मात्र आपोआप आवाज खाली येतो. एवढ्या अर्जांतून त्यांनी ह्यांना बोलावलं ते त्या फोटोतल्या डोक्यासाठी.

"मग नाही म्हणाल्या?"

"सोमवारी एक दिवस बसून बघा म्हणाल्या. जमलं तर ठेवू." ह्यांनी कपाळावरून हात फिरवला. "निघताना म्हणाल्या, जमलं तर फोटोतले होऊन या."

मी आधी त्या बाईवर चिडले. जाहिरातीत लिहायला काय झालं होतं? मग लेकीवर चिडले, तसलाच फोटो का जोडलास म्हणून. मग चिडायला कुणी उरलं नाही, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी ह्यांना, जसे आहेत तसं, मागितलं होतं, आणि मी वाटीभर रंगाने त्यावर बोळा फिरवला होता.

पण रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. शनिवारी सकाळी मी पदर खोचला. जे घरच्या घरी काळं झालं, ते घरच्या घरी पांढरं का होऊ नये? भांड्यांच्या साबणाने डोकं घासलं. बेकिंग सोडा लावला. लेकीने कुठल्याशा व्हिडिओत पाहून व्हिटॅमिनच्या गोळ्या कुटून शाम्पूत कालवल्या. दुपारपर्यंत रंग उतरला खरा, पण पांढऱ्यावर जायचं सोडून मध्येच अडकला. गंजलेल्या पत्र्याचा रंग आला डोक्याला, तोही कुठे गडद, कुठे फिका. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

"त्यावर पावडर मार," नर्सकाकू दारातून म्हणाल्या.

मारली. अंगाला लावायची आख्खी डबी रिकामी केली. लांबून बरं दिसत होतं. पण हे शिंकले, आणि खांद्यावर, मांडीवर, पेपरवर सगळीकडे पावडर.

"तक्रार ऐकताना मान तर हलवावी लागेल ना?" लेक म्हणाली. "प्रत्येक वेळी हो म्हटलं की काउंटर पुसणार का?"

रविवारी सकाळी हे आपणहून स्टूल घेऊन न्हाणीघरात बसले. म्हणाले, "काढून टाक सगळं."

मी फेस केला, वस्तरा घेतला. इतकी वर्षं ह्यांचे केस कापतेय, पण डोकं असं पहिल्यांदाच पाहत होते. उजव्या कानामागे एक जुनी खूण होती, लहानपणी झाडावरून पडल्याची. मला ठाऊकच नव्हती. मला एकदम माया आली आणि तेवढाच संतापही, स्वतःचा. मिशीही काढली. राहता राहिल्या भुवया. चकचकीत डोकं आणि खाली कोळशाने ओढल्यासारख्या दोन काळ्याभोर रेघा. मी वस्तरा तिकडे वळवला.

"भुवयांना हात लावशील तर बघ!" हे ओरडले.

वर्षभरात माणूस पहिल्यांदा ओरडला. मला इतकं बरं वाटलं की मी मुकाट्याने वस्तरा धुऊन ठेवला.

सोमवारी हे गेले आणि माझं शिवणात लक्ष लागेना. एका पँटचे दोन पाय दोन उंचीचे झाले. शेवटी मी मिक्सर उचलला आणि दुकान गाठलं. मिक्सर ठणठणीत होता, त्याच दुकानातून घेतलेला, एवढंच निमित्त. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर भांडं तरी जवळ हवं ना.

तक्रारींचा काउंटर दुकानाच्या मागच्या टोकाला होता. रांगेने प्लास्टिकच्या खुर्च्या, नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र. मी चिठ्ठी घेऊन फ्रीजच्या खोक्याआड बसले. हे काउंटरमागे, गोटा करून, काळ्या भुवयांसकट. शेजारी हाताची घडी घालून उभी असलेली ती मॅनेजरबाई असणार. तिचा चेहरा काही उत्साहाचा नव्हता. फोटोतला माणूस तिला दुसऱ्यांदाही मिळाला नव्हता.

तेवढ्यात एक आडदांड माणूस घुसला, नंबर वगैरे न घेता. "वॉशिंग मशीन आहे की कारंजं? तिसऱ्यांदा माणूस पाठवलात, तरी घरभर पाणी! कोण आहे इथे जबाबदार?" त्याने काउंटरवर हात आपटला, ह्यांच्याकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे गप्प झाला.

"माफ करा," तो हळूच म्हणाला. "मला दिसलं नाही. बरं नाही का तुम्हाला? औषधांनी केस गेलेत का?"

सगळ्या खुर्च्या चिडीचूप झाल्या. मॅनेजरबाईने घडी सोडली. तिच्या डोळ्यांत चमक आली, मला खोक्याआडूनही दिसली. पांढऱ्या केसांनी जे झालं असतं त्याच्या दुप्पट काम टकलाने केलं होतं. आता ह्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. एक सुस्कारा सोडला असता तरी नोकरी पक्की. वर्षभर गप्प बसलात, मी मनात म्हणत होते, आणखी एक मिनिट बसा.

"छे हो," हे म्हणाले. "मला काय धाड भरलीय? बायकोने केस काळे केले होते."

झालं. मी मिक्सर घट्ट धरला.

"मग इथे कळलं की पांढरे हवेत. तर तिने भांड्यांच्या साबणाने धुतले, ते तांबडे झाले. मग पावडर मारली, तर मी शिंकलो." हे शिंकण्याची नक्कल करून मोकळे झाले. "शेवटी सगळंच काढलं. भुवया तेवढ्या मी भांडून वाचवल्यात."

आडदांड माणूस आधी बघत राहिला आणि मग असा हसला की मघाच्याच काउंटरवर परत हात आपटला. खुर्च्या हसल्या. "आमच्या हिने मला तोंडाला काहीतरी फासून झोपवलं होतं," तो म्हणाला, "उठलो तर उशी गालाला चिकटलेली!" मग हे दोघे शाळेतले दोस्त असल्यासारखे पुढे वाकले. ह्यांनी विचारलं, पाणी नेमकं कुठून येतं, मशीन भरताना की रिकामं होताना? तो नीट सांगू लागला. आधी तिघे जण येऊन गेले, पण हे विचारलं कुणीच नव्हतं म्हणे.

मी मात्र रागाने लाल झाले होते. घरातलं सगळं चव्हाट्यावर! माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "कोण असेल हो ही बायको?"

"असेल कुणी बिचारी," मी म्हटलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की हेसुद्धा हसताहेत. तोंडभर, मान मागे टाकून. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही.

माझा नंबर आला. ह्यांनी मला पाहिलं, मिक्सरला पाहिलं.

"बोला बाई, काय तक्रार आहे?"

"घरी या, मग सांगते."

मॅनेजरबाई पुढे आली. "काही अडचण आहे का?"

"अडचण कसली," हे म्हणाले. "ही माझी बायको."

रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मघाची शेजारीण तोंडावर हात ठेवून उभीच राहिली. मॅनेजरबाईने मला नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाली, "ह्यांना उद्यापासून रोज पाठवा. आणि एक विनंती आहे. केस आपोआप वाढू द्या."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी हे घरी आले ते बूट काढायच्या आधीच बोलत आत आले. "अगं, सकाळी काय गंमत झाली माहितीये? एक आडदांड माणूस आला..."

मी तिथेच होते, याचा ह्यांना साफ विसर पडला होता. मी गॅस बंद केला आणि ऐकायला बसले.