नमुन्याचा झगा

मुनोजातच्या पाठीवरची चेन मध्ये कुठंही न अडता सर्रकन वर गेली आणि सआदतच्या पोटात दुखायला लागलं.

मालकीण रौशननं तो निळा नमुन्याचा झगा आज पहिल्यांदाच कुणाच्या तरी अंगावर चढवला होता. तिनं मुनोजातला दोनदा गोल फिरवलं आणि शिलाईखोलीतल्या सगळ्या बायकांदेखत सांगून टाकलं, की नवरोजचा सण झाला की बाजारात गाळा सुरू करायचा आहे, आपले झगे घालून तिथं उभी राहणारी बाई हवी आहे, आणि ती मुनोजातच. फक्त गाळा उघडेल त्या दिवशीही झगा असाच बसला पाहिजे. मशिनी पुन्हा घरघरू लागल्या. सआदतनं हातातली बाही उलटी जोडली.

गाळ्याचं कानावर आल्यापासून तिचा त्यावर डोळा होता. गावी, नमनगानला, तिच्या अंगणात दिवसभर ऊन असायचं. अल्माटीत आल्यापासून ती या तळघरात शिवत होती, आणि वरच्या फटीएवढ्या खिडकीतून तिला दिसायचे ते फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट. गाळ्यावर उजेड असणार होता, बोलायला गिऱ्हाइकं असणार होती, आणि बोलण्यात सआदतचा हात कोण धरणार?

दोघी एकाच गावच्या. एकाच बसनं परमुलखात आल्या आणि सारख्याच वेगानं अंगानं सुटल्या. दिवसभर बैठं काम, वर नान आणि गोड चहा, दुसरं काय होणार? गेल्या उन्हाळ्यात पहाटे बागेत चालायला सुरुवातही दोघींनी मिळूनच केली होती. मग सआदतचे गुडघे दुखले, मग पाहुणे आले, मग थंडी पडली. मुनोजात मात्र बर्फ पडला तरी चालतच राहिली. आता तिची हनुवटी एकच उरली होती. सआदतचा नवरा इस्मात परवा चहा पिता पिता सहज म्हणून गेला, की मुनोजात अगदी नव्या नवरीसारखी दिसायला लागलीय. त्या दिवशी त्याच्या वाटीत नुसता रस्सा आला, मांस आलं नाही.

सआदत काही वाईट बाई नव्हती. पण मत्सराला माणूस वाईटच लागतो असं थोडंच आहे? मुनोजातचं चालणं बंद पाडणं तिच्या हातात नव्हतं. जेवायला घालणं होतं, आणि त्याला कुणी पाप म्हणत नाही.

मुनोजात इथं सआदतच्या समोरच, अंगणापलीकडच्या खोलीत एकटीच राहायची. नवरा लांब अस्तानाला बांधकामावर, मुलं गावी सासूपाशी. सआदत तिला हाका मारू लागली. आज समसे केलेत, आज हलवा झालाय, अगं ये, गरम आहे तोवर. समशांत ती मांसाहून दुंब्या मेंढ्याच्या शेपटीची चरबीच जास्त भरायची. मुनोजातनं सुरुवातीला आढेवेढे घेतले, संध्याकाळचं जेवण सोडलंय म्हणाली. तेव्हा सआदतनं ठेवणीतलं अस्त्र बाहेर काढलं. चरबीनं माखलेल्या पुलावाचा घास बोटांनी दाबून थेट तिच्या तोंडापुढे धरला. थोरलीच्या हातचा घास नमनगानची बाई नाकारत नाही, मरण पत्करते.

"मोठ्या बहिणीचा, तुझ्या ओपाचा हात मागं फिरवशील?" सआदत म्हणाली.

मुनोजातनं तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मिरी जास्त झाली असेल, असं म्हणत सआदतनं दुसरा घास वळला.

हिवाळाभर हे असंच चाललं. लोक केसानं गळा कापतात, सआदत पुलावानं कापत होती. रोज तिरप्या नजरेनं ती मुनोजातचे गाल बघायची आणि गाल भरत चालले होते. पुढे पुढे पहाटेचं चालणंही सुटलं. त्या वेळी ती सआदतकडेच चहाला येऊन बसायची, कणीक मळू लागायची, गावच्या गोष्टी काढून पोट धरून हसायची. परमुलखात गाववालीला एवढं कोण जपतं, असं इस्मात चारचौघांत सांगू लागला. सआदतला ते ऐकवत नसे. तरी तिचा हात काही आखडला नाही.

नवरोज झाला आणि रौशन झगा घेऊन खाली आली. चेन कमरेपाशीच अडली. रौशननं ओढून पाहिलं, मुनोजातनं श्वास धरून पाहिलं. बायका फिदीफिदी हसल्या. सुईत दोरा ओवायच्या निमित्तानं सआदतनं मान खाली घातली होती. तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"एका हिवाळ्यात काय करून घेतलंस गं हे?" रौशन वैतागली.

मुनोजातला लाज वाटायला हवी होती. ती चक्क हसली.

"जेवले, बाई. गावाकडं घरभर माणसांत जेवायची सवय. इथं एकटीनं ताट घेऊन बसलं की घास उतरायचा नाही. सगळ्या म्हणायच्या, काय बारीक झालीस, काय छान दिसतेस. मी झुरत होते. खोली खायला उठायची, म्हणून पहाटे उठून बागेत जायचे. या सआदत ओपानं पहिला घास भरवला ना, तेव्हा वाटलं, माझी आईच आली."

सआदतच्या हातातली सुई कुठं पडली ते तिला कळलं नाही.

मुनोजात पुढे म्हणाली, की गाळ्यावर ओपालाच उभी करा, तिच्यासारखं बोलणं कुणाला जमायचं नाही. झगा काय, उसवून वाढवता येतो. रौशननं सआदतला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. बाजारात येणाऱ्या बायका तरी कुठं काडीसारख्या असतात, असं पुटपुटली, झगा मुनोजातच्या मशिनीवर टाकला आणि जिना चढून गेली.

मुनोजात टेप घेऊन आली. सआदत उभी राहिली, दोन्ही हात वर केले. हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं. टेप कमरेला लागली तसं तिनं श्वास कोंडून पोट आत ओढलं.

"ओढू नकोस, ओपा," मुनोजात हळूच म्हणाली. "आहे तेवढं मोजू दे. तुला अवघडायला नको."

सआदतनं श्वास सोडला. खाली वाकलेल्या मुनोजातच्या तोंडाकडे बघणं मात्र तिला जमलं नाही.