मागे काहीच नसलेला दरवाजा

मी दरवाजा बोलतोय, आणि आधीच सांगून टाकतो: दोष मामांचा. बाकीच्यांचा थोडाथोडा असेल, पण मुळात मामांचाच.

मी लाकडाचा नाही, गेममधला आहे. या गेममध्ये खेळणारा स्वतःच गोष्टीतलं पात्र होतो आणि पुढे काय करायचं ते तोच ठरवतो. जन्मलो तेव्हा मी नुसता तपकिरी चौकोन होतो, बिस्किटासारखा. पण उघडायचो. लढाईतून पळालेला एक शिपाई मला ठोठावायचा. त्याला आत घेतलं तर एक गोष्ट, हाकललं तर दुसरी, लपवून मग पकडून दिलं तर तिसरी. तिन्ही ताईने लिहिलेल्या. मला घडवलं तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे मामांच्या भाच्याने, कॉलेज अर्धवट सोडून. जागा मामांच्या फोटो स्टुडिओची मागची खोली.

पहिल्यांदा त्या भावंडांची आई खेळायला बसली ती माझ्यापुढेच अडली. "अरे, घेऊ का याला आत? खोटं बोलत असेल तर?" एका बिस्किटापुढे बाई रडवेली झाली, याचा मला भलताच माज चढला.

मग मामा डोकावले. लोकांना रंगवलेल्या पडद्यापुढे उभं करून फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला. पडद्यावर जिना, कठडा, नक्षीदार दार. त्या जिन्याने कोणी कधी वर गेलं नाही, तरी गिऱ्हाईक खूश.

"हे दार आहे? आपल्या पडद्यावरचं बघ, कसं देखणं."

"मामा, ते उघडत नाही," ताई म्हणाली.

"फोटोत कोण उघडतं गं?"

"हा फोटो नाहीये."

"तू लिहीत बस. लोक आधी बघतात. वाचतात की नाही, देव जाणे."

गेम विकत घेणाऱ्या कंपनीची माणसं बघायला येणार होती. मामांचा कॉम्प्युटर म्हातारा. मामांना हवं तसं देखणं दार आणि त्यामागच्या खोल्या, माणसं, तीन वाटा, एवढं सगळं त्याला पेलेना; चित्र कुंथत चालायचं. भाच्याने ताईकडे पाहिलं, मग मामांकडे. खोली मामांची होती. त्याने माझ्यामागचं सगळं काढून टाकलं, आणि घाईत जुन्याच फाइलवर नवं सेव्ह केलं.

मी मात्र काय दिसू लागलो. रेघ न् रेघ लाकडाची. कडीवर असा गंज, की बघूनच धनुर्वात व्हावा. मागे भिंत. बडा घर पोकळ वासा म्हणतात. मला वासासुद्धा नव्हता.

कंपनीची बाई आली, म्हणाली, "सुंदर." मग बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"हे उघडतं कसं?"

"खिळे बघा ना," मामा म्हणाले.

"बघितले. आत काय आहे?"

भाचा माउसची वायर सरळ करू लागला. मी तरी काय दाखवणार, मागे भिंत. बाई छान हसून निघून गेली.

"घाल आता परत," ताई म्हणाली. जुन्या फाइलवरच नवं सेव्ह झाल्याने तिच्या तिन्ही गोष्टी गेल्या, हे त्याने सांगितलं. मामा म्हणाले, "त्यात काय, पुन्हा लिही की." ताईने चपला घातल्या.

आता भाचा मामांकडे फोटोतल्या गिऱ्हाइकांच्या गालांवरचे डाग पुसतो. अधूनमधून गेम लावून माझ्यापुढे येतो, बटण दाबतो. मी चमकतो. दुसरं येतं काय मला?

तुम्ही कधी दार काढलंत तर वाकडंतिकडं काढा, पण आत कोणीतरी राहू द्या.

कॉलेज त्याने आधीच सोडलं होतं. आता ताई त्याच्याशी बोलत नाही.