डब्यांची अदलाबदल

त्या घरात वर्षभर भात शिजला नव्हता. नवरा छापखान्यात पुस्तकं बांधायचा. त्याच्या रक्तातली साखर वाढली, तशी बायकोने तांदळाचा डबाच शेजारणीला देऊन टाकला. तो खाणार नाही तर मीही खाणार नाही, असं तिने जाहीर केलं आणि पाळलंही. माहेरी तिला सगळे ‘भातखाऊ’ म्हणायचे, म्हणजे बघा! पण नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरेना. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि साखर तर दर तपासणीला चढलेलीच. बिचारी स्वतःलाच बोल लावायची. बटाटे बंद झाले, गूळ बंद झाला, आता आणखी काय बंद करायचं बाकी होतं?

एके दिवशी तो गोळ्या विसरून गेला. ती भर दुपारी त्या घेऊन छापखान्यात पोचली. कागदाच्या गठ्ठ्यांमागे जेवणं चालली होती. नवऱ्यापुढे भाताचा हा एवढा ढीग, वर पातळ डाळ, भाजीचा पत्ता नाही. आणि तिने पहाटे उठून भरलेला डबा? तो शेजारी बसलेला कागद कापणारा मिटक्या मारत संपवत होता.

“या वहिनी,” तो भोळेपणाने म्हणाला, “वर्षभर तुमच्या हातचं खातोय, तब्येत सुधारली बघा माझी.”

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. गोळ्या त्याच्यापुढे ठेवून ती तशीच परतली.

संध्याकाळी नवरा मान खाली घालून दारात उभा राहिला. तेव्हा मात्र तिचा बांध फुटला.

“अंगठा तुमचा होता, पण वर्ष माझं होतं. मी इथे घास मोजत बसले आणि तुम्ही तिथे मला हसत होतात.”

हसत नव्हतो, असं तो पुटपुटला. पण ते कोण ऐकणार?

आतल्या खोलीतून सगळं ऐकणाऱ्या सासूबाईंनी बाहेर येऊन आधी लेकाला चांगलं फैलावर घेतलं. मग त्या सुनेजवळ येऊन बसल्या.

“त्याने केसाने गळा कापला तुझा, खरंय. पण डॉक्टर भात मोजून खा म्हणाले होते, बंद करा कुठे म्हणाले? तू भाताला घरातून हाकललंस, तो छापखान्यात जाऊन बसला. तिथे ना भाजीची सोबत, ना कुणाचा धाक. आधी भाजी आणि डाळ खायची, मग लहान वाटीभर भात. दोन तासांनी साखर तपासायची. लपवायचं काही नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने तांदूळ आणले. वर्षाने पहिला घास तोंडात गेला आणि तिचे डोळे भरून आले. इतकी साधी गोष्ट, आणि त्यासाठी केवढी फसवणूक!

“चुकलो गं,” तो म्हणाला.

“हो, चुकलात,” ती म्हणाली आणि भाजीचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

अंगठा वाचेल, असं डॉक्टर आता म्हणतात. तिने मात्र अजून त्याला माफ केलेलं नाही. वाचकहो, पथ्य एकट्याचं नसतं, ते सगळं घर पाळत असतं. भात मोजून खाता येतो. चोरून खाल्लेला घास मात्र आपल्या माणसाच्या जिवाला लागतो.