सुरीची पाठ

धारेचं कौतुक सगळं जग करतं. हा सुऱ्या घडवणारा कारागीर मात्र सुरीच्या पाठीवर जीव टाकायचा, कारण कापताना बोट टेकतं ते पाठीवर, आणि तिची कड करकरीत राहिली तर ती बोटाला चावते. म्हणून त्याने हाताने घडवलेली प्रत्येक सुरी आधी बायकोच्या स्वयंपाकघरात यायची. तिने कांदा-कोबीचा ढीग पाडला, की स्वारी सुरीकडे ढुंकूनही न बघता बायकोचं बोट उजेडात धरायची. बोट लाल दिसलं, तर सुरी पुन्हा कानशीखाली जायची.

आता एका मोठ्या कारखान्याला त्याची सुरी हजारोंनी काढायची होती, त्याच्या शिक्क्यानिशी. आणि ते जमायलाच हवं होतं. त्याचा अंगठा कामातून गेला होता. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. जसं काही बायकोला डोळेच नव्हते! करार फिसकटला तर ही सुरी त्याच्याबरोबरच संपणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तरी पठ्ठ्याने कारखान्याचे दोन नमुने परत धाडले. तिसरा घेऊन कारखान्याची टूलरूम सांभाळणारी मुलगी स्वतः घरी आली. तिच्यासमोर बायकोने कापून बघितलं, तर हीही सुरी चावत होती.

"छान आहे हो!" बायकोने ठोकून दिलं.

त्याने तिचा हात ओढला. बोट लालबुंद झालं होतं. "अगं, थाप मारायची तर बोट तरी लपवायचंस!"

ती ओशाळली. मुलगी मात्र ते बोट निरखत राहिली. "काकू, नेमकं कुठे टोचतं, दाखवा ना. आम्ही आपले नुसती मापं जुळवत बसलो."

"एका पाठीला माझी अख्खी सकाळ जाते," तो म्हणाला. "तुमच्याकडे कोण देणार एवढा वेळ?"

"कुणीच नाही, काका. पण बघते काहीतरी."

तिने जे केलं त्याला खरंच तोड नाही. धार लावण्याआधीच तिने पाती बारीक दगडगोट्यांबरोबर मोठ्या पिंपात घातली आणि पाठीच्या कडा आपोआप घासून गोल व्हाव्यात म्हणून पिंप गरागरा फिरवलं. पहिल्या खेपेला सगळी टोकं बोथट झाली आणि कारखान्याच्या साहेबांनी कपाळावर हात मारला. पण पोरगी चिवट. तिने टोकांना रबरी टोप्या चढवल्या आणि पुन्हा पिंप सुरू केलं.

चौथा नमुना घेऊन ती आली. बायको कापत सुटली. गाजरं झाली, भोपळा झाला, हातात सुरी आहे याचाच तिला विसर पडला. त्याने बोट उजेडात धरलं. साधा वळही नव्हता.

"माझ्यासारखी झालीय?" त्याने हळूच बायकोला विचारलं.

हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण आता तिला खोटं बोलवेना.

"नाही. तुमच्या हल्लीच्या सुऱ्यांपेक्षा चांगली झालीय. त्या मी तुमची नजर चुकवून, बोटाला फडकं गुंडाळून वापरते."

मुलीने मान खाली घातली. त्याने अंगठा चोळला. मग तो मुलीकडे वळला.

"शिक्का चांगला ठळक मारा," तो म्हणाला. "एवढी चांगली सुरी मला आता जमायची नाही."