पांढऱ्या टेपची शेंडी

"सहदेव, हे कुणी केलं?"

सहदेव चहाचे दोन ग्लास घेऊन गाळ्यात शिरत होता. मी मशीनशेजारी स्टुलावर बसून कंट्रोल बॉक्सचं झाकण उघडलं होतं.

"काय ते?"

"हे. सेन्सरची काळी वायर निळीला कुणी जोडली?"

"अगो, मीच. काल तू गेल्यावर मशीन सारखं थांबायला लागलं. समोर पट्टी नाही, काही नाही, तरी आपलं थांबतंय. उद्या मखरवाली पार्टी येणार. त्यांच्यासमोर असं अडलं तर वाट लागली ना! म्हटलं, उद्यापुरता बायपास."

असल्फाच्या चढावर त्याचा हा भाड्याचा गाळा. थर्माकोल बंद झाल्यापासून लाकडी मखरांना मागणी आली, म्हणून आम्ही दोघांनी आठ महिने खपून हे लाकूड कोरणारं सीएनसी मशीन उभं केलं होतं. सांगाडा, रेल, फिटिंग सगळं त्याचं. वायरिंग माझं. मशीनचं डोकं तीन दिशांना धावतं, म्हणून प्रत्येक दिशेच्या दोन्ही टोकांना एकेक प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवला होता. बोटाएवढं पितळी नळकांडं ते. लोखंडी पट्टी समोर आली की न शिवताच त्याला कळतं आणि मशीन थांबतं. सगळे सेन्सर मी मुद्दाम अशा जातीचे घेतले होते की वायर तुटली तरी मशीन थांबावं, धावत सुटू नये. आणि या शहाण्याने त्यातल्याच एकाचं तोंड बांधून ठेवलं होतं.

बायपास या शब्दाचीच मला चीड आहे. चांगली खडसावणार होते त्याला. पण वायरीचा जोड नीट बघितला आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला. जोडावर आमची काळी टेप नव्हती. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेप होती. तिचं टोक पिळून बारीक शेंडी काढली होती, नंतर नखाने ओढून सोडवता यावी म्हणून.

"ही शेंडी कोण काढतं रे अशी?"

"मीच. नळाला पण काढतो. हाताला सवयच लागली…"

बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. त्याने ग्लास टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

अशी शेंडी मी याआधी एकदाच बघितली होती. अकरा वर्षांपूर्वी, अंधेरीच्या एमआयडीसीत, आमच्या मॅनेजरच्या टेबलावर. आमच्या कंपनीत पत्र्याचे भाग कापणारे प्रेस होते. समोरची जाळी खाली आली की सेन्सर प्रेसच्या पॅनेलला, म्हणजे वायरिंगच्या पेटीला, सांगायचा, आणि मगच प्रेस खाली यायचा. त्या दिवशी जाळी वर असतानाच प्रेस खाली आला. सुलक्षणाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मुलुंडला आमच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहायची ती. एकोणीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. पॅनेल उघडलं तर आत वायरचा तुकडा निघाला, पांढऱ्या टेपने गुंडाळलेला, शेंडी काढलेला. पॅनेलचं वायरिंग माझं. सकाळी दुरुस्तीला ते उघडलंही मीच होतं. मग काय, चोर सापडलाच!

मी घसा फोडून सांगितलं, साहेब, ही फिटरची टेप आहे. साहेब म्हणाले, टेप कुणाच्याही हाताला लागते. चार फिटर होते, सहदेव आणि चंद्रप्रकाश त्यांतलेच. ते खाली प्रेसवर, आम्ही पॅनेलवाल्या वरच्या मजल्यावर. कोण टेप कशी गुंडाळतो ते मला काय माहीत! आणि आमच्या या मशीनला नळच नाहीत, त्यामुळे इथेही आठ महिन्यांत कधी दिसलं नाही.

"चंद्रप्रकाशने केलं असणार, असं तू म्हणाला होतास," मी म्हटलं. "म्हणूनच तो गावाला पळाला, असं तूच सांगितलंस मला."

"रत्ना…"

"तो माणूस परत आल्यावर एकदा घाटकोपरला भेटला मला. ताई कशा आहात म्हणून हात जोडले त्याने. मी तोंड फिरवून निघून आले. त्याला किती शिव्या घातल्यात मी, तुला माहितीय? तुझ्यासमोरच घातल्यात. तू मान हलवायचास."

सहदेव मशीनच्या कडेला टेकला. 

"माका भीती वाटली गो," तो म्हणाला. घाबरला की त्याच्या तोंडात मालवणीच येते. "सेन्सर सारखो अडत होतो. ती म्हणाली, कर काहीतरी. मी दोन तासांसाठी तुकडो टाकलेलो. मगे तुझा नाव इला, आणि मी गप्प ऱ्हवलंय."

"ती म्हणजे कोण?"

त्याची नजर स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांवर गेली. मला उत्तर मिळालं.

मला काढल्यावर कंपनीतलं एकही माणूस माझ्या घरी फिरकलं नव्हतं. एकटा सहदेव आला. माझ्यासाठी छोटी छोटी कामं आणायचा, मिस्टरांच्या आजारपणात रात्र रात्र हॉस्पिटलमध्ये बसला. मी सगळ्यांना सांगायची, माणूस असावा तर असा. देवासारखा, असंही म्हटलंय मी. मूर्ख बाई!

सुलक्षणाचा नंबर माझ्याकडे होता. अकरा वर्षांत लावला नव्हता, कारण रस्त्यात मी दिसले की ती पलीकडच्या फुटपाथवर जायची, आणि मला वाटायचं, तिचा रागावण्याचा हक्कच आहे. नंबर लावला.

"सुलक्षणा, मी रत्ना. सहदेव माझ्यासमोर उभा आहे."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"सांगितलं त्याने?" तिने विचारलं.

काय सांगितलं, असं नाही विचारलं.

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मीच त्याला म्हटलं होतं गं, कर काहीतरी. पीस पूर्ण होत नव्हते. साहेबांना कळलं असतं तर माझीच चूक म्हणून मला भरपाईसुद्धा मिळाली नसती. माझी श्रुतिका सातवीत होती तेव्हा."

"आणि तू माझ्याशी बोलणं सोडलंस."

"कुठल्या तोंडाने बोलणार होते?"

अपघातानंतर हॉस्पिटलच्या दारात तिच्या नवऱ्याने मला सगळ्यांसमोर हाकललं होतं. ती आत होती, शुद्धीवर होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"एकदा विचारायचंस ना गं मला," मी म्हटलं. माझा आवाज फुटला, पण फुटू दे म्हटलं. "तुझी बोटं गेली होती. मी हो म्हटलं असतं. माझी चूक म्हणून स्वतः सही करून दिली असती. पण तुम्ही दोघांनी मला विचारलंच नाहीत."

ती रडायला लागली. तिचं रडणं ऐकून घ्यायची माझी अजिबात इच्छा नव्हती. फोन ठेवला.

सहदेवला वाटलं असणार, ही आता उठून जाईल. वाटलं तर मलाही होतं. पण उद्या या मशीनसमोर कुणीतरी उभं राहणार होतं, आणि सेन्सर बांधलेला होता. मी पांढरी टेप सोडवली, वायरचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. मशीन का थांबत होतं तेही लगेच दिसलं. गाळा नीटनेटका दिसावा म्हणून त्याने सेन्सरची वायर मोटरच्या जाड वायरीबरोबर प्लास्टिकच्या टायने बांधली होती. मोटर फिरली की त्या वायरीतून सेन्सरला खोटा इशारा जायचा. मी टाय कापले, सेन्सरची वायर दुसऱ्या बाजूने फिरवून आणली. सेन्सर आणि पट्टीमध्ये तीन मिलिमीटर सोडून दोन्ही नट आवळले. पाना मागितला नाही. माझा मीच घेतला.

मशीन चालू केलं. डोकं टोकापर्यंत गेलं, पट्टी समोर आली, सेन्सरचा बारीक दिवा बदलला आणि डोकं जागच्या जागी थांबलं. दहा वेळा केलं. दहाही वेळा थांबलं.

कंपनीत पॅनेल पूर्ण झालं की झाकणाच्या आत वायरिंग करणारीने मार्करने नाव घालायचं, अशी पद्धत होती. कंपनीतून काढल्यापासून मी कुठल्याच कामावर नाव घातलं नव्हतं. आज घातलं. रत्नप्रभा विश्राम घाडी. खाली तारीख टाकली.

"खाली माझं पण घाल ना, रत्ना," सहदेव हळूच म्हणाला. "मशीन दोघांचं आहे."

"तुझं तू घाल."

मार्कर त्याच्या हातात दिला, पर्स उचलली आणि बाहेर येऊन चपला घातल्या. मागे वळून बघितलं तर तो उघड्या झाकणासमोर तसाच उभा होता. मार्करचं टोपण त्याने काढलं नव्हतं.