शपथेच्या आधीची बैठक

ओट्यावरून डाव खाली पडला आणि घरातली शांतता खळकन फुटली. पाळण्यात बाळ दचकलं, ओठ वाकडे केले. मी जागच्या जागी थिजले. मग त्याने मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडला आणि पुन्हा झोपून गेलं. जीव भांड्यात पडला.

टेबलाशी बसून चित्र रंगवणाऱ्या माझ्या लेकीला काही ऐकू आलं नव्हतं. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. पण फरशीतला धक्का तिच्या अनवाणी पायांना कळला असावा. तिने वर बघून हातानेच विचारलं, काय पडलं? मी डाव उचलून दाखवला. मग तिने बोट माझ्या गालावरच्या तिळाकडे रोखलं आणि नंतर ओठांवर ठेवलं. म्हणजे, तीळवाली, हळू, बाळ उठेल.

तीळवाली हे माझं नाव. तिच्या शाळेत प्रत्येकाला असं हाताचं नाव मिळतं, आणि ते मुलंच ठेवतात. मुख्याध्यापिका बाईंचं नाव खांद्यावरून पुढे ओढलेली वेणी. माझा नवरा फ्रीज दुरुस्त करतो, त्याच्या नखांत कायम काळं असतं, म्हणून त्याचं नाव अंगठ्याने पुसलेलं नख. माझ्या सासूबाईंचं नाव पिळलेला कान; त्यांनी एकदा कोणाचा तरी पिळला होता, तेवढं पुरलं. शाळेत नवीन मूल आलं की चार दिवस ते भिंतीला चिकटून बसतं. पाचव्या दिवशी कोणीतरी त्याला नाव देतं, आणि तिथून ते आपलं. ना अर्ज, ना समारंभ. नाव मिळालं की माणूस आत आला.

आमचं जे चुकलं ते इथेच. बाहेरच्या जगातही तसंच असतं, असं आम्ही धरून चाललो.

ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी आमच्या राज्यात एक आयोग आहे. त्यावरची माणसं राज्यपाल नेमतात. अध्यक्ष, डॉक्टर, काही निवृत्त अधिकारी, आणि एक खुर्ची पालकाची. कायद्यातच म्हटलंय की अशा मुलाचे आई किंवा वडील त्या खुर्चीवर हवेत. बरीच वर्षं तिथे सिमेंटचे एक मोठे व्यापारी बसत होते. त्यांची मुलगी आमच्याच शाळेतून शिकून बाहेर पडलेली.

या आयोगापुढे प्रस्ताव आला, शाळा बंद करायची. मुलं आपापल्या भागातल्या साध्या शाळांत पाठवायची. वाचायला छान वाटत होतं; सगळी मुलं एकत्र, कोणी वेगळं नाही. त्या साध्या शाळांत हाताने बोलणारा एकही शिक्षक नाही, हे कागदावर कुठे नव्हतं. शाळेचं पटांगण शहराच्या अगदी मध्यावर आहे, हेही नव्हतं.

आम्ही आयोगाच्या फाटकासमोर बसायला सुरुवात केली. सतरंज्या, घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. मुलं सोबत. दुपारभर त्यांचे हात चालू असायचे. भांडणं, चिडवाचिडवी, एकमेकांच्या नकला, आणि आवाज म्हणाल तर टाचणी पडल्याएवढाही नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याला वरून निरोप आला, गोंधळ थांबवा. तो बिचारा बाहेर येऊन बराच वेळ उभा राहिला. कोणाला गप्प करायचं तेच त्याला कळेना. त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला आणि लोक आमच्याबद्दल बोलायला लागले.

त्यानंतर मला राज्यपालांच्या कार्यालयातून फोन आला.

बाळ अंगावर पीत होतं, म्हणून त्याला घेऊनच गेले. नेमणुका बघणाऱ्या सचिवांच्या खोलीबाहेर आजवरच्या राज्यपालांचे फोटो ओळीने लावलेले होते. सगळ्यांचे हात सारखेच, एकावर एक ठेवलेले. एसीचं पाणी एका निळ्या बादलीत टपकत होतं. मी आत गेले आणि बाळाने सूर लावला. सचिव उठले, दार लावलं, आपली खुर्ची खिडकीकडे वळवली आणि माझ्याकडे पाठ करून बोलत राहिले, मला नीट पाजता यावं म्हणून. इतका सभ्य माणूस मी कुठल्याच कार्यालयात पाहिला नव्हता. आज तेच जास्त सलतं. मेला खेकसला असता तर मी सावध तरी राहिले असते.

त्यांनी लेकीबद्दल बारकाईने विचारलं. तिला काय आवडतं, काय खाते, चित्रं कसली काढते. मग म्हणाले की राज्यपालांना पालकाच्या खुर्चीवर खरीखुरी आई हवी आहे, फाटकाबाहेरचीच. मी होकार दिला.

निघताना त्यांनी सहज आठवल्यासारखं केलं. "ताई, एक बघा. आता आयोग तुमचाच. आपल्याच दारात आपणच धरणं धरून बसणं, ते जरा बरं दिसत नाही."

माझ्या नेमणुकीची बातमी दुसऱ्या दिवशी सगळीकडे होती. चित्रं काढणाऱ्या मुलीची आई, असं तिच्यात लिहिलं होतं. फाटकाशी मला सगळ्यांनी मिठ्या मारल्या. बाईंचे डोळे भरून आले. एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, शपथ कधी आहे? बाई म्हणाल्या, होईल हो, नाव तर जाहीर झालं ना. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण नाव मिळालं होतं. मी सचिवांचं म्हणणं सांगितलं. कोणाला वावगं वाटलं नाही. उलट उन्हातून सुटका झाली म्हणून सासूबाई खूश. सतरंज्या झटकल्या, घड्या घातल्या, आणि आम्ही घरी आलो.

शपथेची तारीख आली आणि पुढे गेली. राज्यपाल दौऱ्यावर होते. पुन्हा तारीख दिली, तेव्हा त्यांचा घसा बसला होता. मी फोन केला की सचिव मायेने बोलायचे, आणि लेकीची चौकशी करायला कधी विसरायचे नाहीत. नवरा म्हणायचा, घसा बसलाय तर बसू दे, शपथ तुला घ्यायचीय, त्यांना नाही. आम्ही हसायचो. तेव्हा हसू येत होतं.

आणि मग आयोगाची बैठक लागली. विषय एकच, आमची शाळा.

काय बोलायचं ते मी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना पाठ केलं होतं. समोर लेक असायची. माझे ओठ हलताना दिसले की ती हसायची. तिला वाटायचं मी बाळाला गाणं म्हणतेय.

बैठकीच्या खोलीत लांबलचक टेबल होतं आणि प्रत्येक खुर्चीसमोर नावाची पाटी. मी माझी पाटी शोधत एका बाजूने गेले आणि दुसऱ्या बाजूने परत आले. पालक-सदस्याच्या पाटीमागे सिमेंटवाले काका बसले होते. त्यांनी मला बघून हात जोडले.

अध्यक्षांनी चष्मा काढून मला समजावून सांगितलं. नव्या सदस्याची शपथ होईपर्यंत जुनेच सदस्य काम बघतात, तसा नियम आहे. तुम्ही अवश्य बसा, ऐका, सगळं खुलंच आहे. मग भिंतीशी असलेल्या खुर्च्यांकडे हात केला. मी म्हणाले, मला दोन शब्द बोलू द्या. ते म्हणाले, शपथेनंतर तुम्हीच बोलायचंय, मॅडम, मग आम्ही ऐकणार. टेबलाभोवती थोडं हसू झालं. अगदी प्रेमळ हसू.

शाळा बंद करण्याचा ठराव एका मताच्या फरकाने पास झाला. ते एक मत पालकाचं.

काका मला बाहेर व्हरांड्यात गाठायला थांबले होते. पळून जाणारा माणूस नव्हता तो. मी विचारलं, तुमची मुलगी याच शाळेत वाढली ना? ते म्हणाले, हो, म्हणून तर आज आपल्या पायावर उभी आहे. मग तरी? मी म्हणाले.

"ती शिकून बाहेर पडली, बाळ. आता मला तिच्यासाठी शाळा लागत नाही, ओळखी लागतात." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "माझीही शपथ अशीच रखडली होती. तोवर आत कसली कामं उरकली हे मला नंतर कळलं. फार संतापलो होतो मी. तुझ्यासारखाच दिसत असेन."

"मग राजीनामा का नाही दिलात?"

"वाटलं, पुढच्या वेळी तरी आत असेन."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो झटकायचा होता. झटकला नाही, जिना उतरले.

खाली फाटकाशी पहारेकरी एकटा उभा होता. सतरंज्या अंथरायची ती जागा स्वच्छ झाडलेली होती.

लगेच पुढच्या आठवड्यात राज्यपालांचा घसा मोकळा झाला. शपथविधीचं बोलावणं आलं, सहकुटुंब. नवऱ्याने ते वाचलं आणि म्हणाला, "जाऊ नकोस. कोपराला गूळ लावून पाठवलं, आता तोच चाटताना फोटो काढायचाय त्यांना." बाईंचं म्हणणं उलटं होतं. शाळा गेली ती गेली, पण साध्या शाळांत हाताने बोलणारे शिक्षक तरी मागता येतील, त्यासाठी आत कोणीतरी हवं. तू नाही गेलीस तर ते दुसरे कोणी काका शोधतील. सासूबाई बाळाला माझ्या हातातून घेत म्हणाल्या, "जा गं. रुसून बसायला आपलं माहेर आहे का ते."

मी गेले. हे लिहिताना मला व्हरांड्यातले काका दिसतात.

मोठं दालन होतं, गुळगुळीत फरशी. लेकीला नवा फ्रॉक घातला होता आणि ती बूट घसरवत चालत होती. मी शपथ घेतली. मध्ये दोनदा थांबून पाणी प्याले. लोकांना वाटलं, भारावले. मग राज्यपालांनी माझ्या लेकीकडे वळून दोन्ही हात डोक्यावर उचलले, बोटं पसरली आणि मनगटं हलवली. टाळ्या. आमची मुलं टाळ्या अशाच वाजवतात, हवेत, दिसतील अशा. कोणीतरी त्यांना शिकवलं होतं. मागे खांबापाशी सचिव उभे होते, त्यांच्या तोंडावर समाधान होतं.

माझ्या लेकीचा चेहरा मी विसरणार नाही. परक्या गावात कोणीतरी आपल्या भाषेत हाक मारावी, तसा. तिने दोन्ही हात वर केले आणि इतके हलवले की फ्रॉकचा पट्टा सुटला. कॅमेरे लखलखले. घरी येईपर्यंत तिने त्यांना नावही देऊन टाकलं होतं. डोक्यावर दोन्ही हात, बोटं पसरलेली.

त्याला आता बरेच दिवस झाले. शाळेच्या पटांगणाभोवती पत्रे लागलेत. सुट्टी संपली की ती आमच्या गल्लीमागच्या शाळेत जाईल. आम्ही परवा वर्ग बघून आलो. शिक्षिका चांगली वाटली. ती लेकीशी खूप सावकाश आणि मोठ्याने बोलली. लेक तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग माझ्यामागे येऊन उभी राहिली, भिंतीला चिकटल्यासारखी. तिथे पाचव्या दिवशी तिला नाव कोण देणार?

मी डाव धुऊन ठेवला आणि टेबलाशी आले. बाळ झोपलेलंच होतं. लेकीने चित्र माझ्याकडे सरकवलं. शाळेचं फाटक, वेणीवाल्या बाई, ओळीने मुलं, प्रत्येकाचे हात अंगापेक्षा मोठे. आणि सगळ्यांच्या मधोमध, हात वर केलेला एक उंच माणूस.

हे इथे कशाला आले, मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं की एवढंही कसं कळत नाही. खडू खाली ठेवला, हात फ्रॉकला पुसले, आणि सावकाश, एकेक खूण स्पष्ट करत, जशी ती बाळाशी बोलते तशी, मला विचारलं,

"त्यांना आपल्यासारखं हाताने बोलता येतं. मग तू त्यांना सांगितलं का नाहीस?"